घरगाडीची भट्टी

"क्या अंकल, आज अंदर है कि बाहर?"

भिलाईत, रुआबांध्याच्या आमच्या गल्लीत सकाळी दूध आणायला निघालेला प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारूनच पुढे जायचा. प्रश्न भट्टीबद्दल असायचा. माझे घरमालक गाडीत किंवा गाडीखाली, जिथे असतील तिथून उत्तर द्यायचे. "अंदर" म्हणाले की समजायचं, भट्टी गाडीत बसवलेली आहे. "बाहर" म्हणाले की ती अंगणातल्या बाजेवर, जुन्या चादरीवर, सुटी करून मांडलेली. विचारण्यातली थट्टा त्यांना कळत नव्हती असं नाही. पण विचारलेल्या गोष्टीचं खरं उत्तर द्यायचं, हा त्यांचा स्वभाव होता.

मी आईसोबत त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत पाच वर्षं राहिले. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, आई अंगठा लावते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारता सांगते, कारण न विचारता सांगण्यासारखंच ते आहे. तेव्हा मी एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवत होते. मी त्यांना काका म्हणायची. ते मला मॅडम म्हणायचे, वयानं माझ्या वडिलांपेक्षा मोठे असूनही. मी दोनदा सांगून पाहिलं, काका, नावानं हाक मारा. ते म्हणाले, "शिकल्या ते काय फुकट?"

काकांची सगळी नोकरी स्टील प्लांटात गॅसच्या पाइपलाइनच्या देखभालीवर गेली. सेक्टर दोनचं क्वार्टर सोडलं, रुआबांध्याला घर बांधलं, पण गॅस काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. कुणाच्या घरी चहाला गेले की आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडीची नळी बोटानं चाचपायचे. गृहिणी चिडायच्या. एका लग्नात त्यांनी केटररचे चार सिलिंडर मंडपामागून उचलून मोकळ्या रानात नेऊन ठेवले. वरण अर्धवट शिजलं आणि मुलीकडचे लोक त्यांच्यावर धावून आले. काका शांतपणे म्हणाले, "जेवण उशिरा होईन. पण होईन."

वास येणाऱ्या गॅसला ते भीत नसत. "वास मारते तो गॅस सांगून येते, मॅडम. ज्याले वासच नाई, त्याच्यापाशी आपल्यालेच विचारत राहा लागते." मी एकदा विचारलं, काका, तुमच्या हातून कधी काही झालं होतं का? मला वाटलं, एखादी जुनी गोष्ट असेल, कुणी मित्र वगैरे. ते बोटांवर नोकरीची वर्षं मोजत बसले. मग म्हणाले, "नाई. चौतीस वर्षांत काहीच झालं नाई. म्हणून तं भेव वाटते."

गाडी म्हणजे लिलावात घेतलेली शाळेची जुनी मिनीबस. बाकं काढून त्यांनी आत एक पलंग, एक ओटा आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड संडास बसवला होता. तिला ते घरगाडी म्हणायचे. ती सगळी खटपट काकूंसाठी होती.

काकूंना बुद्धगया पाहायची होती. आमच्या विहारातून दर हिवाळ्यात बायकांचा जथा जायचा आणि दर वेळी त्यांच्या वाटेतल्या शिदोरीचं काम काकूंकडे असायचं. पन्नास पन्नास भाकरी, तिळाची चटणी, वाळवलेली मेथी. बायकांना निरोप द्यायला त्या दुर्ग स्टेशनापर्यंत जायच्या आणि रिकामी टोपली घेऊन परत यायच्या. स्वतः कधी गेल्या नाहीत. ऑपरेशननंतर त्यांना लघवी आवरत नसे, आणि रेल्वेच्या डब्यात सगळ्यांसमोर फजिती होईल या विचारानंच त्या पांढऱ्या पडायच्या. दुसरं म्हणजे थंडी. डिसेंबर लागला की त्यांची बोटं टोकापासून पांढरी होत, मग निळसर, आणि वाटीसुद्धा धरता येत नसे. इथे भिलाईत ही गत, तर तिकडच्या धुक्यात काय झालं असतं?

काकांनी त्यांना शब्द दिला होता, तुला तुझ्या घरातच बसवून नेतो, आणि गरम नेतो. संडासाचं सोपं होतं, ते पहिल्या दोन महिन्यांत झालं. गरम नेण्याचं काम तीन हिवाळे चाललं.

ती भट्टी त्यांना एका कबाड्याकडे मिळाली. परदेशातून आलेल्या कुणाच्या तरी घरगाडीतली. भट्टी म्हटलं की आमच्याकडे डोळ्यांसमोर वेगळंच येतं, पण ही जुन्या टीव्हीएवढी पत्र्याची पेटी. आत गॅसवर जाळ पेटतो, जाळाच्या भोवती एक बंद लोखंडी कोठी, कोठीवरून पंखा हवा फिरवतो आणि ती गरम हवा गाडीत येते. धूर मात्र कोठीतल्या कोठीत राहून नळीनं गाडीबाहेर पडला पाहिजे. सगळं त्या कोठीवर आहे. तिला भेग गेली तर धूर झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात येतो, आणि त्याला वास नसतो.

कबाड्यानं भट्टीसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत इंग्रजी पुस्तिका दिली होती. काका सातवी शिकलेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती पिशवी माझ्यासमोर दोन्ही हातांनी धरली, आहेर धरावा तशी. "मॅडम, हे तेवढं सांगा. हाताचं काम मी करतो."

तेव्हापासून माझे रविवार गेले. मी ओट्यावर बसून वाचायची, आधी इंग्रजी, मग मराठीतून, आणि ते ऐकून घ्यायचे, मग काढायचे किंवा बसवायचे. त्यांची पद्धत ठरलेली. आधी सिलिंडर बंद. मग बॅटरीची तार सोडायची. भट्टीच्या प्रत्येक तारेला काकूंच्या जुन्या लुगड्याची वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची, म्हणजे परत जोडताना चूक नको. गॅसच्या नळीच्या नटाला दोन पाने लावायचे, एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं, नाहीतर नळी पिळते. मग बाहेरून धुराचं झाकण काढायचं, चार स्क्रू, आणि पेटी छातीशी धरून बाहेर. बसवताना सगळं उलट्या क्रमानं. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून ते डोळे बारीक करून बुडबुडा शोधत बसायचे. बुडबुडा नसायचा. तरी पंधरा मिनिटं बसायचे.

आणि ते आत शिरले की माझं दुसरं काम बाहेर उभं राहण्याचं. गॅसच्या जागी एकटं जायचं नाही, हा त्यांचा प्लांटातला नियम. एक आत, एक बाहेर. बाहेरच्यानं कशालाही हात लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, फक्त दर दोन मिनिटांनी नावानं हाक मारायची. आतल्यानं ओ दिली पाहिजे. नाही दिली तर आत शिरायचं नाही, आधी सिलिंडर बंद करायचा, दारं उघडायची आणि आरडाओरडा करायचा.

नावानंच हाक. मी काका म्हटलं तर चालायचं नाही. "काका म्हणलं तं गल्लीतला कोणताही माणूस ओ देते. गॅस चढला का माणूस सगळं विसरते, नाव तेवढं राहते." काकूंनी हे काम करावं असं मी एकदा सुचवलं. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. "बापा! एवढी जिंदगी गेली, मी त्याईचं नाव नाई घेतलं, आता भट्टीपाई घेऊ?" म्हणून शेवटी मी, इंग्रजीची शिक्षिका, रविवारी सकाळी अंगणात उभी राहून एका म्हाताऱ्या माणसाचं एकेरी नाव ओरडायची. माझ्या आईला ते कधीच पटलं नाही. समोरच्या घरातल्या साहूबाई सुनेला म्हणायच्या, "देख, पढ़े-लिखे लोग का संस्कार."

तर भट्टी किती वेळा काढली? मी मोजायचं सोडून दिलं. एकदा पंख्याचा आवाज आवडला नाही. एकदा धुराची नळी भिंतीतून बोटभर कमी बाहेर येते असं वाटलं. एकदा तर काहीच नव्हतं, त्यांना स्वप्न पडलं होतं. काकू काही बोलत नसत. प्रत्येक वेळी भट्टी बसली की त्या गाडीतल्या पलंगावर चादर घालायच्या, आणि निघाली की घडी करून घरात आणायच्या.

तिसऱ्या हिवाळ्याच्या आधी काकांनी कोठीच्या आत दिवा सोडून, गाडीला गोधड्या लावून अंधार केला आणि कोठीकडे बाहेरून पाहिलं. केसासारखी एक उजेडाची रेघ दिसली. भेग. मला वाटलं, संपलं. पण ते उलट खूश झाले. इतके दिवस ज्याची भीती वाटत होती ते एकदाचं सापडलं होतं. त्यांचा एक जुना सोबती वेल्डर होता. दोघांनी मिळून भेग भरली. पुन्हा दिवा, पुन्हा अंधार. रेघ गेली. भट्टी बसली, सहा तास चालवून पाहिली. काका गाडीतून घामाघूम होऊन बाहेर आले आणि कधी नव्हे ते गल्लीतल्या लोकांना स्वतःहून सांगितलं, "अंदर है! गुरुवार को जा रहे हैं!"

काकूंनी मेथी वाळवली. स्वतःसाठी, पहिल्यांदा.

निघायच्या आधीचा रविवार. मी चहा पीत होते. काका पुस्तिका घेऊन आले. "मॅडम, शेवटचं एक पान राहिलं. वाचून टाका, म्हणजे झालं."

ते पान मी आधी पाहिलं नव्हतं. वर मोठ्या अक्षरांत ताकीद होती. मी नेहमीसारखं स्पष्ट उच्चारांत इंग्रजी वाचलं. वाचताना अर्थ कळला. काकू दारात उभ्या होत्या, हातात मेथीचा डबा. मला तिथे थांबता आलं असतं. पुढचं काही तरी सांगता आलं असतं, साफसफाईचं, वॉरंटीचं. त्या घरात दुसऱ्या कुणाला ते कळणार नव्हतं. पण मी वाचलेलं कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला दयेपेक्षा माझ्या इंग्रजीचा अभिमान जास्त होता. मी सांगितलं, "कोठीला भेग गेली असेल तर ती वेल्डिंगनं किंवा कशानंही बुजवू नये. तापून ती पुन्हा उघडते. कोठी पूर्ण बदलावी."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

काकांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली, पिशवीत घातली आणि नट सोडवायचे पाने आणायला गेले.

मी मागे धावले. "काका, राहू द्या ना आत. पेटवू नका. सिलिंडरच नेऊ नका. दोन रजया घ्या, गरम पाण्याची पिशवी घ्या!"

"तिचे बोटं पाहिले तुम्ही?" ते म्हणाले. "रजईनं होते काय त्याचं? अन् आत असली तं मीच लावीन. अर्ध्या रात्री तिचे हात पाहीन अन् लावीन. मले मी माहीत आहे."

"मग भट्टीशिवायच जा."

"मी तिले गरम नेतो म्हणलं होतं."

"काकूंना तरी विचारा!"

काकूंना कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्या गाडीत गेल्या आणि चादर घडी करून घेऊन आल्या. मग काका आत शिरले आणि मला बाहेर उभं राहावं लागलं. 

तशी कोठी आपल्या देशात मिळत नाही, हे कळायला त्यांना पुढचं सगळं वर्ष लागलं. रायपूरचे दुकानदार, नागपूरचे कबाडी, कुणाचा कुणी मुंबईचा एजंट. मी इंग्रजीत मेल लिहून दिले. एकाचंही उत्तर आलं नाही. काका गल्लीत कमी बोलू लागले. "अंदर कि बाहर" विचारलं तर "बाहर" म्हणायचे, पण मान वर न करता. मग लोकांनी विचारणं सोडलं, आणि ते जास्त वाईट होतं.

नोव्हेंबरात एका दुपारी काका बाजारात गेलेले असताना काकू माझ्या खोलीत आल्या. उंबऱ्यावरच बसल्या.

"पोरी, तुह्या मोबाइलमधे रेल्वेचं तिकीट निघते ना?"

"निघते ना. कोणासाठी?"

"विहारातल्या बाया जाऊन राहिल्या. एक माहंही काढ. संडासाजवळची सीट भेटते का पाय."

मी मोबाइल हातात घेतला. "अन् काका?"

"त्याईचं काम सुरू आहे," काकू म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "माहं वय काही थांबून नाई राहिलं, बाई. मले भट्टी नव्हती पायजे. मले बोधीचं झाड पाहाचं होतं. हे मी त्याईले कसं सांगू? तीन वर्षं माणूस माह्यासाठी पाठीवर झोपून काम करून राहिला."

मी तिकीट काढलं. दुकानातून मोठ्या माणसांचे लंगोट आणून दिले, ते काकूंनी लुगड्यांच्या मध्ये लपवले. काकांना निघायच्या सकाळपर्यंत कळलं नाही.

त्या सकाळी काका गाडीखाली होते. काकू पिशवी घेऊन गाडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मी जाऊन राहिली."

"कुठं?"

"गयेले."

गाडीखाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग, "गाडी तयार नाई अजून."

"रेल्वेनं. बाया थांबल्या आहे नाक्यावर."

काका बाहेर आले. उठून उभं राहायला त्यांना वेळ लागला. ते भांडतील, निदान का म्हणून विचारतील असं मला वाटत होतं. त्यांनी काकूंच्या हातांकडे पाहिलं.

"हातमोजे?"

"घेतले."

"दोन जोड?"

"दोन जोड."

"बरं," काका म्हणाले. रिक्षा वळेपर्यंत ते फाटकाशी उभे राहिले. स्टेशनावर गेले नाहीत.

काकू नव्हत्या तेवढ्या दिवसांत त्यांनी ती भेग बुजवलेली भट्टी परत गाडीत बसवली. मी विचारलं, आता कशाला? ते म्हणाले, "बाहेर गंजते." मी नियमाप्रमाणे अंगणात उभी. दोन मिनिटांनी हाक मारली, ओ आली. पुन्हा मारली, ओ आली. तिसऱ्यांदा काहीच नाही. मी पुन्हा ओरडले. मग सिलिंडरकडे धावले, तो तर बंदच होता, जोडलेलाच नव्हता. दार उघडून आत पाहिलं. काका पलंगाच्या उघड्या फळीवर बसलेले होते. भट्टी समोर, शेवटचा स्क्रू हातात.

"काका! ऐकू नाही आलं का?"

"आलं."

"मग ओ कावून नाही दिली? माझा जीव गेला असता!"

"इतक्या वेळा देल्ली, मॅडम," ते म्हणाले. "आज नाई देऊ वाटली." मग स्क्रू बसवला.

काकू दहाव्या दिवशी परतल्या. त्यांना आणायला मी स्टेशनावर गेले होते. जथ्यातल्या एका बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "लय हाल झाले वं त्याईचे. धुकं असं का समोरचं दिसे ना. बोटं काळी-निळी पडली. रातभर आमी दोघीजणी आळीपाळीनं चोळत होतो. झाडाजवळ गेल्या, तं हात जोडता येईना, मी धरून जोडून देल्ले." मग थांबून म्हणाली, "पण बसल्या तिथं. तासभर उठल्याच नाई. त्याईचं तोंड पाहाले पायजे होतं तू."

घरी आल्यावर काकू बाजेवर बसल्या, दोन्ही हात पदराखाली. काका समोरच्या खुर्चीत. मी चहा ठेवायला आत गेले, पण घर लहान, सगळं ऐकू येतं.

झाडाबद्दल काकांनी विचारलं नाही. गर्दीबद्दल नाही, सोबतिणींबद्दल नाही, डब्यातल्या त्रासाबद्दल नाही.

"थंडी होती का?" त्यांनी विचारलं.

"नव्हती," काकू म्हणाल्या. "चांगली ऊन पडली होती."

"रात्री?"

"रात्रीही नाई. मोजे तं काढलेच नाई पिशवीतून."

काका मान हलवत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं," आणि उठून बाहेर गेले.

काकू चहा प्यायला आत आल्या. कप त्यांना धरता येईना, मी बशीतून पाजला. बोटांची टोकं सोलवटली होती. मी हळू आवाजात विचारलं, "काकू, खोटं कावून सांगितलं? त्यांना काय वाटलं असेल? तीन वर्षं उगाच गेली असंच ना?"

काकूंनी बशीवरून माझ्याकडे पाहिलं. "वाटू दे," त्या म्हणाल्या. "खरं सांगतलं असतं, तं उद्या सकाळी पुन्हा गाडीखाली गेले असते."

पुढच्या रविवारी मी सवयीनं अंगणात आले. काका घरगाडीच्या पायरीवर बसले होते, धुतलेला सदरा घालून. भट्टी आत होती. पाने हत्यारांच्या पेटीत होते आणि पेटीला कुलूप.

"आज काही नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही जा, पेपर तपासा."

मी तरी थोडा वेळ उभी राहिले. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवलेले होते, अगदी स्वच्छ, आणि ते त्या हातांकडे असे पाहत होते, जसे ते दुसऱ्या कुणाचे असावेत.